विश्लेषण : एकच संकेतस्थळ दोघांना वेगवेगळे का दिसते? ‘ए/बी चाचणी’ कशी चालते आणि तिचा फायदा कोणाला?

एकाच घरातल्या दोघांनी एकाच वेळी एकच खरेदीचे ॲप उघडले. एकाच्या मोबाइलवर ‘आता खरेदी करा’ हे बटण पिवळे दिसले, दुसऱ्याच्या मोबाइलवर हिरवे. हा बिघाडच असेल असे नाही. हे दोघे, त्यांच्या नकळत, एका प्रयोगाच्या दोन वेगळ्या गटांत गेलेले असू शकतात. संकेतस्थळाची रचना कशी असावी, हे ठरवण्याची ही पद्धत ‘ए/बी चाचणी’ म्हणून ओळखली जाते. गेल्या पंचवीस वर्षांत शोधयंत्रांपासून राजकीय प्रचारापर्यंत ती सर्वत्र पोहोचली. आता तिच्याकडे वेगळ्या कारणाने लक्ष गेले आहे. ‘ॲमेझॉन प्राइम’च्या सदस्यत्वाच्या रचनेवरून अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. भारतात त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना फसव्या रचनांची स्वतःहून तपासणी करायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियमही अधिसूचित झाले. त्यामुळे बटण कोणत्या रंगाचे असावे, हा प्रश्न आता केवळ डिझाइनरचा राहिलेला नाही.

ए/बी चाचणी म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळावर येणाऱ्यांचे दोन गट करायचे. पहिल्या गटाला जुनेच पान दाखवायचे, ते ‘अ’. दुसऱ्याला एकच बदल केलेले पान दाखवायचे, ते ‘ब’. काही दिवसांनी कोणत्या गटातल्या जास्त लोकांनी खरेदी केली, नोंदणी केली किंवा अर्ज पूर्ण भरला, हे मोजायचे. फरक पुरेसा मोठा असेल तर जिंकलेले पान सर्वांना दाखवायचे.

यातली कळीची गोष्ट गट पाडण्याच्या पद्धतीत आहे. कोण कोणत्या गटात जाणार, हे केवळ योगायोगाने ठरले पाहिजे. संगणक प्रत्येक वापरकर्त्याच्या ओळख क्रमांकावर एक गणिती प्रक्रिया करतो आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्याला ‘अ’ किंवा ‘ब’मध्ये टाकतो. एकदा ‘ब’मध्ये गेलेल्या माणसाला पुढच्या भेटीतही ‘ब’च दिसते. अशा वाटणीमुळे दोन्ही गटांत तरुण-वयस्कर, शहरी-ग्रामीण, महागडे-स्वस्त मोबाइल वापरणारे साधारण सारख्याच प्रमाणात येतात. मग निकालात जो फरक दिसतो, त्याचे श्रेय पानातल्या बदलालाच देता येते.

हे न करता ‘गेल्या महिन्यात जुने पान होते, या महिन्यात नवे लावले आणि विक्री वाढली’ असे म्हणणे फसवे ठरते. या महिन्यात दिवाळी असेल, पगार लवकर झाले असतील किंवा प्रतिस्पर्ध्याचे ॲप दोन दिवस बंद पडले असेल. दोन्ही पाने एकाच काळात चालवली, की ही सगळी कारणे दोन्ही गटांना सारखीच लागू होतात.

ही पद्धत आली कुठून?

संगणकातून नव्हे, शेतातून. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यापुढे प्रश्न होता, की खतामुळे पीक वाढले की मुळात तो वाफाच सुपीक होता, हे कसे ओळखायचे? त्यांचे उत्तर होते, कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे माणसाने ठरवू नये, ते सोडतीने ठरवावे. या विचाराची मांडणी त्यांनी १९३५च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ या पुस्तकात केली. पुढे औषधांच्या चाचण्या याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

इंटरनेटने यात दोन गोष्टी बदलल्या. वाफ्यांऐवजी लाखो माणसे मिळाली आणि पीक हाती येण्यासाठी हंगामभर थांबण्याची गरज उरली नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००० साली एका पानावर शोधाचे किती निकाल दाखवावेत, यासाठी अशी चाचणी घेतली. बुकिंग डॉट कॉमसारखी कंपनी आज एका वेळी हजाराहून अधिक चाचण्या चालवते. म्हणजे एका ग्राहकाच्या एका भेटीत तो एकाच वेळी अनेक प्रयोगांचा भाग असतो.

अनुभवी डिझाइनरचा अंदाज पुरेसा का नाही?

कारण तो बहुतेक वेळा चुकतो. मायक्रोसॉफ्टमध्ये प्रयोगांची यंत्रणा उभी करणारे रॉन कोहावी यांनी कंपनीचा अनुभव अनेकदा मांडला आहे. तिथे चाचणीला लावलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक तृतीयांश उपयोगी ठरल्या, एक तृतीयांशांनी काहीच फरक पडला नाही आणि उरलेल्या एक तृतीयांशांनी नुकसान केले. ‘बिंग’ या शोधयंत्रासारख्या आधीच घासूनपुसून तयार झालेल्या उत्पादनात यशाचे प्रमाण १० ते २० टक्क्यांवर येते. या सगळ्या कल्पना हुशार, अनुभवी लोकांच्याच होत्या.

‘बिंग’चेच २०१२ मधले उदाहरण प्रसिद्ध आहे. जाहिरातीच्या शीर्षकाखालची मजकुराची ओळ शीर्षकालाच जोडून दाखवावी, अशी सूचना एका कर्मचाऱ्याने केली होती. ती फारशी महत्त्वाची वाटली नाही आणि सहा महिन्यांहून अधिक काळ यादीत पडून राहिली. शेवटी एका अभियंत्याने, काम थोडेच आहे म्हणून, तिची चाचणी लावली. काही तासांत यंत्रणेने धोक्याची सूचना दिली, कारण महसूल संशयास्पद वाटावा इतका वाढला होता. तपासणीत आकडा खरा निघाला. महसूल १२ टक्क्यांनी वाढला होता आणि एकट्या अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक होती.

बराक ओबामा यांच्या पहिल्या अध्यक्षीय प्रचारातही असेच घडले. डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानासाठी चार बटणे आणि सहा छायाचित्रे-चित्रफिती यांच्या २४ जोड्या तयार केल्या गेल्या. ३ लाख १० हजारांहून अधिक लोकांना त्या वाटून दाखवल्या. प्रचाराच्या चमूला एक चित्रफीत हमखास जिंकणार असे वाटत होते. प्रत्यक्षात सगळ्या चित्रफिती छायाचित्रांच्या मागे पडल्या. कुटुंबासोबतचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचे बटण ही जोडी जिंकली. नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. चाचणी घेतली नसती, तर चमूने आवडीची चित्रफीत लावली असती आणि नुकसान झाले हे कोणाला कळलेही नसते.

हा केवळ नफ्याचा किंवा मतांचा खेळ नाही. ब्रिटनमध्ये वाहनकर भरल्यानंतर दिसणाऱ्या सरकारी पानावर अवयवदात्यांच्या नोंदणीसाठी आवाहन असते. २०१३ मध्ये तिथे आठ वेगवेगळ्या आवाहनांची चाचणी दहा लाखांहून अधिक लोकांवर झाली. ‘तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही तो घ्याल का? मग इतरांनाही मदत करा’ अशा आशयाचे आवाहन सर्वाधिक प्रभावी ठरले. त्यातून वर्षाला सुमारे ९६ हजार जादा नोंदण्या होतील, असा अंदाज काढला गेला. यातला धडा वेगळाच होता. हसऱ्या माणसांच्या समूहाचे छायाचित्र जोडलेले आवाहन साध्या मजकुरापेक्षाही वाईट चालले. छायाचित्र लावले की पान आकर्षक होते, हे बहुतेक कार्यालयांत गृहीत धरलेले असते.

निकाल खरा की योगायोग, हे कसे ठरते?

इथे गणित येते आणि इथेच बहुतेक चाचण्या फसतात. समजा, एका संकेतस्थळावर येणाऱ्या शंभरांपैकी तीन जण खरेदी करतात. नव्या पानामुळे हे प्रमाण ३ वरून ३.३ टक्के होते का, हे पाहायचे आहे. संख्याशास्त्रातल्या नेहमीच्या निकषांनुसार असा फरक खात्रीने टिपण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ५२ हजार लोक लागतात. फरक त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे ३ वरून ३.०३ टक्के असेल, तर संख्या दहापट नव्हे, शंभरपट वाढते आणि प्रत्येक गटात सुमारे ५२ लाख लोक लागतात.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या संकेतस्थळावर दिवसाला ५०० लोक येतात, त्याला ३ वरून ३.३ टक्क्यांचा फरक तपासायलाही जवळपास सात महिने लागतील. बारीकसारीक सुधारणा मोजून घेण्याची क्षमता त्यामुळे मोजक्या बड्या कंपन्यांकडेच एकवटते. लहान व्यावसायिकाने दोनशे ग्राहकांवर ‘चाचणी’ घेऊन रंग बदलला, तर तो नाणे उडवूनच निर्णय घेत असतो.

दुसरी चूक घाईची. चाचणी दोन आठवड्यांची ठरलेली असते, पण रोज सकाळी आकडे पाहिले जातात आणि आपल्या आवडीचे पान पुढे दिसले की चाचणी थांबवली जाते. पॉवरप्लेमध्ये धावा जास्त झाल्या म्हणून तिथेच सामना संपल्याचे जाहीर करण्यासारखे हे आहे. रोज डोकावून सोयीच्या दिवशी थांबले, तर काहीही फरक नसलेल्या दोन पानांतही कधी ना कधी ‘विजेता’ सापडतोच.

तिसरी चूक म्हणजे खूप गोष्टी मोजून त्यातली चांगली निवडणे. योगायोगाला पाच टक्के वाव ठेवून एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी मोजल्या, तर पानात काहीही बदल नसताना त्यातली किमान एक ‘सुधारलेली’ दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून जाणकार संस्था काय मोजायचे आणि किती दिवस मोजायचे, हे आधीच लिहून ठेवतात. काही वेळा दोन्ही गटांना एकच पान दाखवून यंत्रणाच तपासतात. तिथेही फरक दिसला, तर दोष मोजमापात आहे हे उघड होते.

मोजायचे काय, हे कोण ठरवते?

या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय संगणक घेत नाही. चाचणी फक्त एवढे सांगते, की आपण मोजत असलेली गोष्ट ‘अ’मध्ये जास्त झाली की ‘ब’मध्ये. ती गोष्ट मोजण्यासारखी होती का, हे ती सांगू शकत नाही.

‘बिंग’मधल्याच एका चुकीने हे दाखवून दिले. एका प्रयोगात दोषामुळे लोकांना शोधाचे अतिशय वाईट निकाल दिसू लागले. आकड्यांत मात्र भरभराट होती. प्रत्येक माणसामागे शोधांची संख्या १० टक्क्यांहून अधिक वाढली आणि महसूल ३० टक्क्यांहून अधिक वाढला. कारण हवे ते सापडत नसल्याने लोक पुन्हा पुन्हा शोधत होते आणि निकालांपेक्षा जाहिराती बऱ्या वाटल्याने त्यांवर क्लिक करत होते. केवळ या दोन आकड्यांवर निर्णय झाला असता, तर शोधयंत्र बिघडवणे हीच सर्वोत्तम सुधारणा ठरली असती. कंपनीने धडा घेऊन मापदंड बदलला. माणूस कामासाठी पुन्हा किती वेळा परत येतो, याला महत्त्व दिले.

बातम्यांचे क्षेत्रही याला अपवाद नाही. एकाच बातमीला दोन-तीन मथळे देऊन कोणत्यावर जास्त क्लिक होतात, हे पाहण्याची पद्धत डिजिटल माध्यमांत रुळली आहे. ‘अपवर्दी’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात घेतलेल्या मथळ्यांच्या ३२ हजारांहून अधिक चाचण्यांची माहिती पुढे संशोधकांसाठी खुली झाली. तिच्या आधारे २०२३ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आढळले, की सर्वसाधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते. सकारात्मक शब्दांनी ते घटते. म्हणजे कोणत्याही संपादकाने ‘लोकांना घाबरवा’ असे सांगण्याची गरज नाही. फक्त क्लिक मोजत राहिले आणि दरवेळी जिंकलेला मथळा ठेवला, तर मुखपृष्ठ आपोआप त्या दिशेला सरकते. बातमी वाचून वाचकाला काही कळले का, हे मोजणे कठीण असते. म्हणून ते बहुतेकदा मोजले जात नाही.

सरासरीत कोण हरवते?

विजेते पान सरासरीवर ठरते आणि सरासरीत लहान गट दिसेनासे होतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका सेवेचे एक लाख वापरकर्ते आहेत. त्यातले ९५ हजार इंग्रजीत आणि पाच हजार मराठीत पान पाहतात. आधी दोन्ही गटांत तीन टक्के लोक अर्ज पूर्ण करत होते. नव्या रचनेत इंग्रजी गटाचे प्रमाण ३.३ टक्के झाले. मराठी गटाचे मात्र दोन टक्क्यांवर आले, कारण भाषांतरित मजकूर लांबल्याने बटण पडद्याखाली गेले. एकूण हिशेब केला तर प्रमाण ३ वरून ३.२३५ टक्के होते. अहवालात ‘सुधारणा’ अशी नोंद होते आणि नवे पान सर्वांना लागू होते. मराठीत अर्ज भरणाऱ्यांतला तिसरा हिस्सा गळाला, हे कोणी वेगळे पाहिले तरच दिसते.

भाषेऐवजी इथे जुना मोबाइल, मंद इंटरनेट किंवा कमी दृष्टी ठेवली तरी गणित तेच राहते. खासगी कंपनी असा तोटा सोसू शकते. पण दाखला, शिष्यवृत्ती किंवा पीकविम्याचा अर्ज भरायला दुसरे संकेतस्थळ नसते. सार्वजनिक सेवेत म्हणूनच सरासरी वाढली का, या प्रश्नाआधी कोणाचे नुकसान झाले का, हा प्रश्न यायला हवा.

वापरकर्त्याची परवानगी घेतली जाते का?

बहुतेक वेळा स्वतंत्रपणे नाही. बटणाच्या रंगासाठी ती घ्यावी, असेही फारसे कोणी म्हणत नाही. वाद होतो तो प्रयोग माणसाच्या मनःस्थितीपर्यंत किंवा उपजीविकेपर्यंत पोहोचतो तेव्हा.

फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर ६ लाख ८९ हजार ३ वापरकर्त्यांच्या भिंतीवर दिसणाऱ्या नोंदींतील आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून पाहिला. त्यामुळे ते स्वतः लिहीत असलेल्या मजकुराचा सूर बदलतो का, हे तपासायचे होते. फरक अगदी किरकोळ आढळला. पण जून २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर जगभर संताप उमटला. तो छापणाऱ्या ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेने सहभागींच्या संमतीबाबत जाहीर चिंता नोंदवली. फेसबुकच्या तत्कालीन मुख्य कार्यचालन अधिकारी शेरिल सँडबर्ग त्या वेळी भारतभेटीवर होत्या. हा नेहमीच्या उत्पादन-चाचण्यांचाच भाग होता, मात्र तो लोकांपर्यंत नीट पोहोचवला गेला नाही, असे सांगत त्यांनी दिल्लीतच दिलगिरी व्यक्त केली.

लिंक्डइनने २०१५ ते २०१९ या काळात दोन कोटींवर सदस्यांना ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ या यादीत वेगवेगळ्या प्रकारची नावे सुचवली. जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीतून नोकरी मिळण्याची शक्यता जास्त असते का, हे यातून अभ्यासले गेले आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झाले. निष्कर्ष मोलाचा होता. पण ज्यांच्या यादीत कमी उपयोगी नावे आली, त्यांना आपण कोणत्या गटात होतो हे ठाऊक नव्हते.

औषधाच्या चाचणीत संमतिपत्र, नैतिकता समिती आणि माघार घेण्याचा हक्क असतो. संकेतस्थळाच्या चाचणीत हे सगळे ‘मला अटी मान्य आहेत’ या एका खुणेत सामावलेले असते. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की चाचणी न घेता थेट सर्वांवर बदल लादणे हाही प्रयोगच आहे, फक्त त्याची मोजणी होत नाही. यात तथ्य आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते, की चाचणी घेणे गैर नाही. कशाचीही चाचणी घेता येते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

चाचणी आणि फसवी रचना यांचा संबंध काय?

फसवी रचना, म्हणजेच ‘डार्क पॅटर्न’ नेहमी कट करूनच तयार होते असे नाही. समजा, एका कंपनीने ‘सदस्यत्व रद्द करणाऱ्यांची संख्या’ हाच मापदंड धरला. रद्द करण्याचे बटण फिकट केले, संख्या घटली. एक जादा पान घातले, आणखी घटली. ‘खरंच एवढी बचत सोडणार?’ असा प्रश्न टाकला, आणखी घटली. प्रत्येक पायरी चाचणीत जिंकलेली असते. पण सगळ्या पायऱ्या मिळून चक्रव्यूह होतो, त्यातून ग्राहकाला बाहेर पडता येत नाही.

ॲमेझॉन प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत हाच आक्षेप होता. ‘प्राइम’ रद्द करायला चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांतून जावे लागत होते. कंपनीत या प्रक्रियेला ‘इलियड’ म्हटले जाई, म्हणजे दीर्घ युद्धाच्या ग्रीक महाकाव्याचे नाव. ती सोपी करण्याचे बदल नफ्यावर परिणाम होईल म्हणून मागे ठेवले गेले, असाही आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. त्यात एक अब्ज दंडाचे आणि दीड अब्ज ग्राहकांना परताव्याचे आहेत. कंपनीने गैरकृत्य मान्य केलेले नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

चाचण्यांवर बंदी नाही, मात्र त्यातून निघणाऱ्या फसव्या रचनांवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, जाहिरातीला बातमीचे रूप देणे हे त्यातले काही. भारतात वस्तू व सेवा देणाऱ्या सर्व मंचांना ही तत्त्वे लागू आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने तीन महिन्यांत स्वयं-तपासणी करण्याची सूचना केली.

दुसरा आधार २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा. त्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. माहिती कशासाठी वापरणार, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. संशोधन आणि सांख्यिकी कामांना कायद्यात काही अटींवर सवलत आहे. कंपनीने स्वतःच्या विक्रीसाठी चालवलेली चाचणी त्यात बसते का, हा पुढील काळातला वादाचा मुद्दा ठरू शकतो.

एक उणीव मात्र राहते. स्वयं-तपासणीत कंपनी आपले आजचे पान तपासते. ते पान कोणत्या चाचण्या जिंकत इथवर आले आणि त्या चाचण्यांत काय मोजले गेले, याची नोंद कोणी मागत नाही. फसवणूक हेतुपुरस्सर होती का, याचा सर्वांत चांगला पुरावा त्या नोंदींतच असतो. पानामुळे ग्राहक गोंधळतो हे आकड्यांत दिसूनही ते ठेवले गेले असेल, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव टिकत नाही.

लहान संस्थांनी आणि ग्राहकांनी काय करावे?

ज्यांच्याकडे लाखो वापरकर्ते नाहीत, त्यांच्यासाठी जुनाच मार्ग उपयोगी आहे. पाच माणसांना समोर बसवून संकेतस्थळावर एक काम करायला सांगायचे आणि ती कुठे अडतात ते न बोलता पाहायचे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन २००० सालापासून हेच सांगत आले आहेत. सहकारी पतसंस्था, नगरपालिका किंवा शाळेच्या प्रवेश अर्जासाठी यातून पहिल्याच दिवशी मोठ्या चुका सापडू शकतात. त्या पाच जणांत मराठीतून अर्ज भरणारा आणि चष्मा लावून बारीक अक्षरे वाचणारा कोणीतरी असावा, एवढी काळजी घ्यावी.

ग्राहकाला आपण कोणत्या चाचणीत आहोत हे कळण्याचा मार्ग आज नाही. पण परिणाम दिसतात. ‘फक्त दोन शिल्लक’, न मागता लागलेली खूण, लपवलेला ‘नको’ हा पर्याय किंवा शेवटच्या पानावर वाढलेली किंमत दिसली, तर पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. दुसऱ्याच्या मोबाइलवर तेच पान वेगळे दिसू शकते, म्हणून हा पुरावा महत्त्वाचा.

ए/बी चाचणीने संकेतस्थळांच्या रचनेतून साहेबांची आवड-निवड बाजूला केली, हा तिचा मोठा फायदा. त्या जागी जो आकडा बसला, तो मात्र कोणीतरी निवडलेलाच असतो. किती जणांनी बटण दाबले, याबरोबर किती जणांना नंतर पश्चात्ताप झाला, किती जणांनी पैसे परत मागितले, किती जण अर्ज अर्धवट सोडून गेले, हेही त्याच यंत्रणेने मोजता येते. ते मोजण्याची सक्ती कोण करणार, हा प्रश्न आता नियामकांपुढे आहे.